आक्काची गेलेली जीभ

आजवर मी शेकडो मुलांना गुण दिले. कमी पडले म्हणून मुलं रडली, पालक भांडायला आले, एकदा तर एका आजोबांनी शाळेच्या पायरीवर बसकण मारली. पण मी दिलेल्या गुणांचा राग वर्षानुवर्षं जपून ठेवणारी व्यक्ती मला एकच भेटली, आणि ती माझी विद्यार्थिनी नव्हती. साठीला आलेली, ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी इंदूआक्का लिंबायतच्या आमच्या गल्लीत माझ्या समोरच्या खोलीत राहायची. मी तिच्या भाकरी-ठेच्याला दहापैकी साडेसहा गुण दिले होते.

त्याचं असं झालं. मराठी शाळेत नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून सुरतेला आले. खोली मिळाली, पण गॅस मिळायला वेळ होता आणि आसपासच्या खानावळींत बाईमाणसानं एकटीनं जाऊन बसायचं मला धाडस होईना. पहिले दोन दिवस मी केळी आणि बिस्किटांवर काढले. तेही दार लावून, कुणाला दिसू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. थाप कसली, दार मोडायचा प्रयत्नच होता. उघडलं तर समोर आक्का. एका हातात झाकलेली थाळी आणि दुसरा हात कमरेवर.

"वं बाई, जरा चव सांग माले," ती म्हणाली. "मनी जीभ गयी. मीठ-तिखट काही समजस नही."

माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून तिनं ते 'शुद्ध' मराठीत पुन्हा सांगितलं. आक्काचं शुद्ध मराठी म्हणजे तीच अहिराणी, फक्त मोठ्या आवाजात. तिला म्हणे बऱ्याच वर्षांपूर्वी ताप आला होता आणि त्यात जिभेची चव गेली ती गेलीच. मग आता केलेलं कसं झालंय ते दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं ना? थाळीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी होत्या, हिरव्या मिरचीचा ठेचा होता आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. मी दोन्ही भाकरी संपवल्या. आक्का तोवर उंबऱ्यातच उभी होती.

"हां, सांग आता. मीठ कसं शे?"

मी पडले मास्तरीण. कुणी मत विचारलं की ते खरं खरं द्यायचं, अशी मला वाईट सवय. मी थोडा विचार केला आणि म्हणाले, "भाकरी उत्तम. ठेच्यात मीठ किंचित जास्त आहे. दहापैकी साडेसहा."

आक्कानं रिकाम्या थाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "दोन भाकरी खाऊन साडेसहा?" एवढंच बोलून ती थाळी घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझं नाव 'साडेसहा' पडलं होतं. भाजीवाला गुजराती भाऊसुद्धा मला "साडेसहाबेन" म्हणायला लागला. मी त्याला माझं खरं नाव दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

आमची गल्ली बहुतेक खानदेशी. शिरपूर, अमळनेर, साक्री या बाजूंनी आलेली माणसं, सगळी लूमच्या खात्यांवर, म्हणजे विणाईच्या कारखान्यांत, कामाला. बायका घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. आक्काच्या घरी तर कोपऱ्यात साड्यांचा ढीग कायम असायचा. तिच्या चष्म्याची एक दांडी मोडली होती, तिथं तिनं साडीतून निघालेला जरीचा धागा बांधला होता. तो सोनेरी असल्यामुळे चष्मा महागातला वाटतो, असं तिचं म्हणणं होतं.

जीभ कशी गेली याची गोष्ट मात्र दर वेळी वेगळी असायची. मला सांगितला तो ताप. पलीकडच्या सुमनला सांगितलं होतं की उधना स्टेशनवर उकळता चहा प्यायल्यानं जीभ भाजली. कुणाला कांजिण्या, कुणाला वैद्याचा कडू काढा. मी एकदा या चारही गोष्टी तिच्यासमोर मांडल्या आणि यातली खरी कोणती ते विचारलं. आक्का जराही गडबडली नाही. "चारी झालं," ती म्हणाली. "एकाने जाईल का एवढी मजबूत जीभ?"

चव विचारायला ती भांडं घेऊन बाहेर पडायची आणि तिचं भांडं कधी रिकामं परत यायचं नाही. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे, पण आमच्या गल्लीत ती कायद्यासारखी पाळली जायची. काही नसेल तर चिमूटभर साखर, एखादं लिंबू, चार शेंगा. भांड्यांची इतकी ये-जा व्हायची की कुणाचं कुठलं याचा पत्ता राहिला नव्हता. लग्नात नावं घालून मिळालेली स्टीलची भांडी. आक्काच्या मांडणीवर बघाल तर सगळ्या गल्लीची नावं होती, फक्त तिचं नव्हतं. तिच्या नावाचा गंज, म्हणजे उभट पातेलं, तीन गल्ल्या सोडून एका घरात दूध तापवायला वापरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या चव-प्रकरणात एक गोष्ट मला विचित्र वाटायची. आक्काचे यजमान नामदेवआबा दिवसभर घरी असायचे. लूमवर तीस-पस्तीस वर्षं काम करून कान गेलेले, पण जीभ शाबूत. त्यांना कधीही कुणी मीठ विचारलं नाही. समोर येईल ते आबा मुकाट्यानं जेवायचे आणि हात धुवायचे.

मला आक्काची काळजी वाटायची. शेवटी एका रविवारी सकाळी मी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि उत्साही होते. त्यांनी तिला डोळे मिटायला लावून जिभेवर आधी साखर ठेवली. आक्का म्हणाली, काही नाही. मग मीठ. काही नाही. मग त्यांनी कसल्याशा औषधाचा थेंब टाकला. आक्काचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं की कुंकूसुद्धा हललं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तशा अवस्थेत तिनं हात वर करून सांगितलं, "हे बी काही नही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. आक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, सकाळपासून काही खाल्लं का नाही तुम्ही? तोंड उतरलंय." त्यांनी खरंच काही खाल्लं नव्हतं. दुपारी त्यांच्याकडे वांग्याचं भरीत पोचलं, मीठ सांगण्यासाठी.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिकवणारी माणसं कधीकधी फार उशिरा शिकतात. मी चव सांगणाऱ्यांची मनात उजळणी केली. सुमन, जिचा नवरा दोन महिने अंथरुणाला खिळलेला. तो ओडिया कारागीर, ज्याची मेस बंद पडली होती. रिक्षा दुरुस्तीत अडकल्यानं कमाई थांबलेला रहीमभाई. आणि बिस्किटं खाऊन दार लावून बसलेली मी. भरल्या घरातल्या कुणालाही आक्कानं मीठ कधी विचारलंच नव्हतं. म्हणून आबांची पाळी यायची नाही.

आणि मी तिला साडेसहा दिले होते. मला फार लाज वाटली, आणि तिचा फार अभिमानही वाटला. आपलं हे कळणं तिला सांगावं असं वाटलं. पण ती काय म्हणाली असती हे माहीत होतं, म्हणून गप्प राहिले. तसंच गप्प राहिले असते तर पुढचं काही झालं नसतं.

त्याच सुमारास गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या भगवानचं खातं बंद पडलं. मालकानं लूम भंगारात काढले. भगवान चाळिशीचा, अबोल, कपड्यांना इस्त्री असल्याशिवाय बाहेर न पडणारा माणूस. बायको-मुलांना त्यानं गावी पाठवलं आणि "मुलांची परीक्षा आहे" असं सगळ्यांना सांगितलं. खातं बंद झाल्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी डबा हातात घेऊन तो निघायचा आणि ठरल्या वेळी परतायचा. आम्हां कुणाला काही कळलं नाही. आक्काला कळलं, कारण ती सकाळी ओट्यावर बसून धागे कापायची आणि भगवान समोरून गेला की त्याच्या डब्यात चमचा खुळखुळायचा. हे तिनं मला काही दिवसांनी सांगितलं. भाजी-भाकरी असलेल्या डब्यात चमचा असा कशाला खुळखुळेल?

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला भर रस्त्यात अडवलं.

"रे भगवान, आठे ये. मनी जीभ गयी हाई तुले माहीत शे ना? आबासले विचारं तर त्या काही बोलतस नही. तू देख बरं मीठ."

"आक्का, मी जेवीसन निंघनू."

"मी जेवाले कुठे सांगस? मी मीठ सांगाले सांगस!"

ओट्यावर बसून भगवान मीठ सांगायला लागला. रोज. आक्कानं त्याला कधी जास्त वाढलं नाही, कधी आग्रह केला नाही. उलट त्याच्याशी वाद घालायची. तो म्हणाला मीठ ठीक आहे, की ही म्हणायची, "नीट सांग, कालबी ठीकच म्हणला होता." मग भगवान गंभीरपणे आणखी एक घास घ्यायचा. हळूहळू तो या कामात खरंच तरबेज झाला. लसूण कच्चा राहिलाय, हिंग जुना आहे, असं सांगू लागला. संध्याकाळसाठी ती गंजात भाजी द्यायची, "उद्या सांग, शिळी झाल्यावर कशी लागते." सकाळी गंज परत यायचा, घासूनपुसून लख्ख, आणि त्यात कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या. त्याच्या खोलीमागं कढीपत्त्याचं रोप होतं. तेवढंच त्याच्याकडे होतं, आणि तेवढं तो न चुकता द्यायचा.

तीन महिने असं चाललं. मग गणपती आले आणि मंडळानं ठरवलं की यंदा गल्लीतल्या एका महिलेचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि भाषण. भाषणाला बाई पाहिजे म्हटल्यावर मीच. सत्कार म्हटला की आपल्या मराठी माणसांचं भान हरपतं. कागद, माईक आणि समोर पन्नास माणसं मिळाली की आपल्याला थांबता येत नाही. मी तर दोन रात्री खपून भाषण लिहिलं होतं. 'अन्नपूर्णा' हा शब्द त्यात पाच ठिकाणी होता.

आक्का व्यासपीठावर शाल पांघरून घामाघूम होऊन बसली होती. मी तिच्या भाकरीबद्दल बोलले, टाळ्या पडल्या. जिभेच्या चार गोष्टी सांगितल्या, हशा झाला. मग मला वाटलं, हिचं खरं मोठेपण लोकांना कळलं पाहिजे. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आक्काची जीभ कधीच गेली नव्हती. ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याला लाज वाटू नये म्हणून ती चव विचारते. आजही आपल्यातल्या एका बेकार झालेल्या बांधवाला ती गेले तीन महिने..."

नाव मी घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती. पन्नास माना एकदम वळल्या. दुसऱ्या रांगेत भगवान बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. तो उठला आणि खुर्ची नीट जागेवर सरकवून बाहेर गेला. ते खुर्ची सरकवणं मला अजून आठवतं. मी आक्काकडे पाहिलं. तिनं खांद्यावरची शाल काढून मांडीवर ठेवली होती. मी भाषण कसंबसं संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या उंबऱ्यावर गंज होता. लख्ख घासलेला, रिकामा, पालथा घातलेला.

आक्का माझ्याशी बोलायची बंद झाली. भाकरी मात्र पाठवत राहिली, फक्त आता थाळी दारात आदळायची. चौथ्या दिवशी मी रडत तिच्या घरी गेले. "आक्का, मी चांगल्यासाठीच बोलले हो."

"ते माहीत शे," ती धागा कापत म्हणाली. "तुझ्या चांगल्यानं त्याची जेवणाची जागा गेली. चार दिवस झाले. तो जेवस का नही, कोनले माहीत?"

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती घाबरली होती. भगवानच्या डब्यातला चमचाही आता वाजत नव्हता. त्यानं तो काढून ठेवला होता. तिनं दोनदा हाक मारली, तर तो "उशीर व्हयना आक्का" म्हणून न थांबता निघून गेला. जीभ गेल्याचं आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण मी ते माईकवरून खोटं ठरवलं होतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मी तिला शून्य दिलं असतं.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी मंडळाचं जेवण असतं. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, आणि भाजी आक्काचीच. त्या दिवशी मी न सांगता सकाळपासून तिच्या शेजारी वांगी चिरायला बसले. तिनं मला हाकलून दिलं नाही. मोठ्या पातेल्यात भाजी शिजली. तिनं दुसऱ्या पातेल्यातलं बिनमिठाचं वरण बाजूला काढून झाकून ठेवलं, थोडी वांगीही नुसती उकडून ठेवली. का, ते मला कळलं नाही. मग तिनं भाजीत मीठ घातलं. हातावर घेऊन, नेहमीच्या अंदाजानं. ढवळलं. आणि मग मिठाच्या डब्यात पुन्हा हात घालून एक मूठ, आणखी एक मूठ.

माझ्या तोंडून "आक्का!" निघणार तोच तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या चष्म्यामागची नजर मी कधी विसरणार नाही. मी तोंड मिटलं. या वेळी मात्र खरं माहीत असून मी गप्प बसले.

पंगत बसली. भगवान जेवायला बसला नव्हता. पण मंडळाचं काम चुकवणारा तो माणूस नव्हे, म्हणून पाण्याचा जग घेऊन वाढत होता. पहिला घास गेला आणि पंगतीचे हात थांबले. मग एकेक जण पाणी मागू लागला. आक्का कमरेवर हात ठेवून रांगेतून फिरू लागली.

"कशी झाली भाजी?"

नुकतंच शाल-श्रीफळ दिलेल्या बाईला कोण काय बोलणार? "छान, आक्का." "फक्कड." अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ते म्हणाले, "वा!" आक्का माझ्यापुढे येऊन थांबली. "मास्तरीन, तू सांग. तू खरं बोलस ना?"

मी घास गिळला. घसा जळत होता. "दहापैकी दहा," मी म्हणाले.

भगवान जग घेऊन चौथ्यांदा त्याच रांगेतून चालला होता. तो थांबला. त्यानं लोकांच्या तोंडांकडे पाहिलं, मग पानांकडे. तीन महिने रोज मीठ सांगितलेला माणूस; त्याला राहवेना. त्यानं जग खाली ठेवला, पातेल्याशी जाऊन पळीतली भाजी तळहातावर घेतली आणि चाटली.

"आक्का!" तो एवढ्या मोठ्यानं बोललेला आम्ही कधी ऐकला नव्हता. "काय करी टाकं हाई? तोंडमा धरवत नही! एवढं मीठ!"

"देखा!" आक्का त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "देखा सगळा! मी म्हणस ना मनी जीभ गयी! ही मास्तरीन माईकवर सांगस, जीभ शाबूत शे. शाबूत ऱ्हाती तर असं करती का मी? एवढा लोक बठेल शेतस, एकनी बी खरं सांगं नही. खोटारडा सगळा! आन हाऊ एक भगवान नही येत चार दिवस, तर मना हातनं हाई असं व्हस!"

भगवान तिच्याकडे बघत होता. तो मूर्ख नव्हता. बाजूला झाकून ठेवलेलं बिनमिठाचं वरण त्यालाही दिसलं असेल, उकडलेली वांगीही दिसली असतील. आपल्यासाठी एवढ्या लोकांसमोर या बाईनं सत्काराच्या शालीवर पाणी सोडलं, हेही त्याला कळलं असावं. त्यानं बाह्या वर सारल्या, उकडलेली वांगी पातेल्यात ओतली, वरण ओतलं, लिंबं मागवली आणि घोटायला सुरुवात केली. मधूनमधून तळहातावर घेऊन चाखत होता, मान हलवत होता. अर्ध्या तासानं म्हणाला, "आता वाढा." मग तो स्वतः पंगतीला बसला. पाच बट्ट्या खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, आक्कानं मोजल्या.

भांडी घासताना ती माझ्याशी बोलली. "दहापैकी दहा काय वं? खोटारडी." मग थोडं थांबून, "आता कळलं माले. तू दहा दिले म्हणजे काहीतरी बिघडेल शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उंबऱ्यावर गंज नव्हता; तो तिनं त्या संध्याकाळी भाजी भरून भगवानकडे दिला. त्याच्या पुढच्या दिवशी आला. आत कढीपत्त्याच्या चार डहाळ्या होत्या.

पुढं भगवान भाड्याची रिक्षा चालवू लागला, मग स्वतःची घेतली, बायको-मुलंही परत आली. माझी बदली कामरेजकडच्या शाळेत झाली. आबा गेले, आणि आक्का कोसाडच्या वसाहतीत मुलाकडे राहायला गेली. फोनवर बोलणं व्हायचं. बोलणं म्हणजे ती भांडायची आणि मी ऐकायची. जायचं जायचं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली आणि गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी कोसाडला पोचले.

इमारतीखाली भगवानची रिक्षा उभी होती. तो तिला पुसत होता. शर्टाला इस्त्री होतीच. आम्ही एकमेकांची चौकशी केली. मी जिना चढायला लागले तसा तो म्हणाला, "बाई, एक सांगू का? आक्काची जीभ आता खरंच गेलीये."

मला आधी हसू आलं. तो हसला नाही.

"मागं तिला मोठा ताप आला होता ना, त्यानंतर. एक दिवस मी इकडं सवारी सोडून वर आलो. तिनं चव सांगायला दिली. भाजी एकदम बराबर होती. मी मजाक केली, म्हटलं, आक्का, आज मीठच नाही टाकलं. मला वाटलं, आता भांडण. तर ती काही बोलली नाही बाई. गुपचूप उठली आन भाजीत मीठ टाकलं." तो फडकं पिळत राहिला. "मी ती भाजी सगळी खाल्ली. तेव्हापासून रोज दुपारी येतो. तिला वाटतं, कोणाला माहीत नाही. तिच्या मुलालाही सांगितलं नाही तिनं. खालच्या मजल्यावर बाळंतीण आहे एक, एकटी, तिच्यासाठी डबा जातो. एका वॉचमनसाठी जातो. चव बिघडली तर मुलगा-सून म्हणतील, आता राहू द्या. मग तिचं कसं व्हायचं?"

भगवान अजून लिंबायतलाच राहत होता; तिथून कोसाड म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. आम्ही वर गेलो.

"साडेसहा उनी! ये वं, ये!" आक्का दारातच ओरडली. खूप वाळली होती. कुंकू तेवढंच होतं, चष्म्याला जरीचा धागाही होता. गॅसवर वांग्याची भाजी रटरटत होती. बसायच्या आधीच तिनं पळी भगवानपुढे धरली. "हां रे, मीठ देख."

लिंबायतला असताना ती हा प्रश्न विचारायची तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडेच असायचं. उत्तर तिला माहीत असायचं. आता ती भगवानच्या तोंडाकडे बघत होती. तो चाखत होता तोवर तिचा श्वाससुद्धा थांबला होता.

"चिमूटभर टाक आखो," भगवान म्हणाला.

तिनं चिमूटभर टाकलं आणि पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. पुढ्यात थाळी ठेवली, दोन भाकरी आणि भाजी. मी जेवले. अशी भाजी मी लिंबायत सोडल्यापासून खाल्ली नव्हती. मीठ, तिखट, लसूण, सगळं जागच्या जागी. आक्का समोर उभी होती. कमरेवर हात नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सांग ना वं. कशी झाली?"

दहा माझ्या तोंडाशी आले होते. त्याहून जास्त देता येत असते तर तेही दिले असते. पण माझे दहा म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"साडेसहा," मी म्हणाले.

आक्काचा हात कमरेवर गेला.

"दोन भाकरी खाऊन साडेसहा?" ती ओरडली, आणि एवढ्या जोरात की खालच्या मजल्यावरचं बाळ उठलं असावं. माझ्या शाळेचा, साताऱ्याचा, मला शिकवणाऱ्या मास्तरांचा उद्धार झाला. भगवान खाली मान घालून बाळंतिणीचा डबा भरत होता. मी थाळी पुढे केली आणि तिसरी भाकरी मागून घेतली.